डोळ्याला डोळा भिडवून

मुलांसाठी केलेलं काम नटाच्या चरित्रात हमखास पहिल्या पानावर येतं आणि पान उलटायच्या आत संपतं. सुरुवातीला बालकार्यक्रमांतून कामं केली, पुढे मोठ्या रंगभूमीवर पाऊल ठेवलं, असं एक वाक्य लिहिलं की काम भागतं. त्या वाक्यात नट पायरी चढून वर जातो आणि मुलं खाली राहतात. वाक्य इतकं सवयीचं आहे की त्यात काही गृहीत धरलेलं आहे याचीही जाणीव होत नाही. फिलिप क्वास्ट या ऑस्ट्रेलियन नट-गायकाची कारकीर्द मात्र या वाक्यात बसत नाही. जगभरच्या संगीतनाटकप्रेमींना तो ‘ले मिझेराब्ल’मधला पोलीस इन्स्पेक्टर जाव्हेर म्हणून ठाऊक आहे, आणि आजही अनेकांच्या लेखी जाव्हेर म्हणजे क्वास्टच. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात लहान असलेल्या माणसांना तो आठवतो तो ‘प्ले स्कूल’मध्ये कापडी अस्वलांशी बोलणारा, कागदाच्या टोप्या करणारा उंच, धिप्पाड माणूस म्हणून. ही दोन्ही कामं एकामागून एक आलेली नाहीत. ती वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चालू होती. माझं म्हणणं असं की त्यांतलं पहिलं काम दुसऱ्याची तालीम होतं. त्याच्या जाव्हेरमध्ये, त्याने रंगवलेल्या चित्रकार सरामध्ये, त्याने उभ्या केलेल्या एकूण एक करड्या पुरुषांमध्ये जे थोर आहे, त्याचं मूळ त्या मुलांच्या कार्यक्रमात सापडतं.

क्वास्टचा जन्म १९५७ सालचा, न्यू साउथ वेल्समधल्या टॅमवर्थचा. वाढला तो टर्की पक्षी पाळणाऱ्या कुटुंबात. सिडनीच्या राष्ट्रीय नाट्यशिक्षण संस्थेतून, म्हणजे तिथल्या बोलीत ‘नायडा’तून, १९७९ साली तो बाहेर पडला आणि लवकरच ‘प्ले स्कूल’मध्ये दाखल झाला. हा कार्यक्रम मुळात ब्रिटनचा. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर तो २१ एप्रिल १९६४ रोजी सुरू झाला. आदल्या रात्री लंडनमध्ये वीज गेल्यामुळे वाहिनीचा उद्घाटनसोहळा बारगळला होता, आणि त्यामुळे तिच्यावर ठरल्याप्रमाणे पार पडलेला पहिला कार्यक्रम होण्याचा मान या मुलांच्या कार्यक्रमाकडे गेला. १९६६ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रसारण संस्थेने, एबीसीने, त्याची आपली आवृत्ती सुरू केली. ब्रिटनमधला मूळ कार्यक्रम १९८८ मध्ये बंद पडला. ऑस्ट्रेलियातला अजून चालू आहे.

त्याची रचना समजून घेतल्याशिवाय माझा मुद्दा उभा राहणार नाही, म्हणून इथे जरा थांबायला हवं. दोन सूत्रधार, बहुतेक वेळा एक पुरुष आणि एक स्त्री. जोडीला पियानो, ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षं तो वॉरन कार वाजवत असे. बिग टेड, लिटल टेड, जेमायमा नावाची चिंध्यांची बाहुली आणि हम्प्टी ही खेळणी. वेगवेगळ्या आकारांच्या खिडक्या, त्यांतल्या एकीतून आत शिरलं की बाहेरचं जग दिसतं. एक घड्याळ, त्यावर किती वाजले ते सांगायचं. मधे एक गोष्ट, काही गाणी, आणि खोकी, दोरे, रिकाम्या नळ्या यांतून काहीतरी करून दाखवणं. स्टुडिओत एकही मूल नसतं. प्रेक्षक म्हणून समोर असतं ते कॅमेऱ्याचं भिंग. सूत्रधाराने त्या भिंगाकडे पाहून, जणू पलीकडे एकच मूल बसलं आहे अशा रीतीने बोलायचं. मुलांनो, बाळांनो अशी घाऊक हाक मारायची नाही. प्रश्न विचारला की उत्तर ऐकायला थांबायचं. उत्तर ऐकू येणार नसतं, तरी तेवढा वेळ खरोखर ऐकत राहायचं. गाणं म्हणायचं ते आवाज दाखवायला नाही, शब्द पोचवायला. कारण घरात बसलेलं तीन-चार वर्षांचं मूल ते शब्द पहिल्यांदाच ऐकत असतं. आणि हातातलं अस्वल कापडाचं आहे हे ठाऊक असूनही त्याच्याशी बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून हसायचं नाही. मुलाला ते हसू लगेच दिसतं आणि त्या क्षणी त्याचा विश्वास उडतो.

या शेवटच्या अटीत सगळं आलं. मोठ्या प्रेक्षकांसमोरचा नट अडचणीत सापडला की त्याला एक पळवाट असते. आपण हे सगळं फार मनावर घेत नाही, आपणही तुमच्यासारखेच शहाणे आहोत, अशी एक हलकी खूण तो प्रेक्षकांना करू शकतो. प्रेक्षक ती खूण आनंदाने स्वीकारतात, कारण तीत त्यांच्या शहाणपणाचाही गौरव असतो. चार वर्षांच्या मुलापुढे ही पळवाट बंद होते. तिथे जे करायचं ते पुरतं मानून करायचं. अशी दहा-पंधरा वर्षं ज्याने काढली, त्याच्या अंगात काय मुरेल याचा विचार करावा, आणि मग त्याला जाव्हेरचं काम कसं सुचलं असेल ते पाहावं.

‘ले मिझेराब्ल’ ही मुळात व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी; मराठीत ती साने गुरुजींनी ‘दुःखी’ या नावाने आणली. मुलांना गोष्टी सांगण्यात ज्यांनी हयात घालवली त्यांना ती आपल्या भाषेत आणावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटतं. बूब्लील आणि शोनबर्ग यांनी तिचं केलेलं संगीतनाटक १९८० मध्ये पॅरिसला झालं, आणि लंडनमधला इंग्रजी अवतार ८ ऑक्टोबर १९८५ रोजी बार्बिकन नाट्यगृहात रंगमंचावर आला. दिग्दर्शक ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड. सिडनीच्या थिएटर रॉयलमध्ये ते १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये लागलं, नॉर्मी रो नाटकाचा कैदी-नायक व्हालजाँ आणि क्वास्ट त्याचा पाठलाग करणारा जाव्हेर. पुढच्याच वर्षी संपूर्ण नाटकाचं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं, तेव्हा वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगांमधून कलाकार निवडले गेले. व्हालजाँ अमेरिकेचा, एपोनीन जपानची, आणि जाव्हेर सिडनीचा. त्या ध्वनिमुद्रिकेला पुढे ग्रॅमी मिळालं. मग ८ ऑक्टोबर १९९५ रोजी, दहाव्या वाढदिवसाला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जो भव्य मैफलीवजा प्रयोग झाला, त्याचं चित्रीकरण घराघरांत पोचलं आणि क्वास्टचा जाव्हेर कायमचा ठसला.

त्या चित्रीकरणातलं जाव्हेरचं ताऱ्यांचं गाणं बारकाईने पाहण्यासारखं आहे. नेपथ्य जवळपास नाही, मागे वाद्यवृंद, पुढे ध्वनिक्षेपकांची रांग. क्वास्ट पोलिसी पोशाखात येतो आणि उभा राहतो. चालत नाही, हातवारे जवळजवळ नाहीत. सुरुवात खालच्या स्वरात, बोलल्यासारखी. इतका दमदार, खोल आवाज असलेला गायक पहिल्या ओळींत तो आवाज वापरतच नाही. एकेक व्यंजन स्वच्छ, वाक्याच्या शेवटी शब्द गिळलेला नाही. नजर वर, आणि ती तिथे खरोखर काहीतरी पाहते आहे. गाण्याचा आशय असा की पळालेल्या कैद्याला मी पकडीन, कारण आकाशातले तारे जसे आपापल्या जागी पहारा देतात तसं हे जग नेमून दिलेल्या जागांवर उभं आहे. बहुतेक नट इथे खलनायकाची शपथ गातात: भुवई चढते, स्वरात गुरगुर येते. क्वास्ट प्रार्थना गातो. या माणसाची श्रद्धा खरी आहे आणि ती सुंदरही आहे, हे तो आधी आपल्याला पटवतो. त्यामुळे शेवटी ती श्रद्धा मोडते तेव्हा नदीत उडी घेणाऱ्या जाव्हेरसाठी आपला जीव कळवळतो. त्या अखेरच्या गाण्याला शोनबर्गने व्हालजाँच्या सुरुवातीच्या आत्ममंथनाचीच चाल दिली आहे. एकाच चालीवर एक माणूस क्षमा स्वीकारून जगायला निघतो, दुसऱ्याला ती पेलत नाही. जाव्हेरला आधीपासून दुष्ट ठरवून टाकलं तर या चालीच्या पुनरावृत्तीला काही अर्थच उरत नाही.

नाटकातला जाव्हेर तुरुंगात जन्मलेला आहे, आणि ते तो स्वतः सांगतो. जिथे काहीच आपलं नव्हतं अशा जागी जन्मलेल्या मुलाने, जग नीट लावलेलं असावं म्हणून धरलेला हट्ट मोठेपणी कायद्याच्या रूपाने पाळला, असं त्याच्याकडे पाहता येतं. लहान मुलांमध्ये वावरलेल्या माणसाला हा हट्ट ओळखीचा असतो. गोष्टीतलं एक वाक्य बदललं तर मूल रागावतं, रोजची बाहुली रोजच्या जागी नसली तर त्याला झोप लागत नाही. ‘प्ले स्कूल’ची सगळी बांधणी याच गरजेवर उभी आहे, घड्याळ, खिडकी, गोष्ट, सगळं आपापल्या वेळी आणि आपापल्या जागी. क्वास्टने जाव्हेर करताना जाणीवपूर्वक हा विचार केला असा माझा दावा नाही. पण मुलाच्या हट्टाला न हसण्याची सवय ज्याला आहे, त्याने जाव्हेरच्या हट्टालाही हसू नये, त्याकडे वरून पाहू नये, हे मला एकाच स्वभावाचं काम वाटतं.

याहून सरळ पुरावा हवा असेल तर १९९० सालाकडे जावं लागेल. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये स्टीफन साँडहाइम आणि जेम्स लपाईन यांचं ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’ स्टीव्हन पिमलॉटच्या दिग्दर्शनाखाली झालं. मारिया फ्रीडमन डॉटच्या भूमिकेत आणि क्वास्ट चित्रकार जॉर्जच्या. जॉर्ज म्हणजे ठिपक्यांनी चित्रं रंगवणारा झॉर्झ सरा, आणि नाटकाचा पहिला अंक म्हणजे त्याच्या ‘ला ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारच्या चित्राची घडण. माणूस तुटक, कामात बुडालेला, प्रेयसीकडे बघायला वेळ नसलेला. या भूमिकेत एक अवघड जागा आहे. जॉर्ज बागेत दोन कुत्र्यांची रेखाटनं करत बसतो आणि करता करता त्या दोघांचे आवाज होऊन गातो. एक आडदांड कुत्रा, दिवसभर हुंगत भटकणारा; दुसरी मालकिणीच्या मांडीवरची नाजूक, नखरेल कुत्री. गंभीर नाटकातला गंभीर चित्रकार हातात कागद धरून कुत्र्यांची संभाषणं गातो आहे. ही गंमत म्हणून करून टाकली तर जॉर्ज विदूषक होतो. ओशाळून केली तर प्रसंग कोसळतो. ती त्याच एकाग्रतेने करावी लागते ज्या एकाग्रतेने जॉर्ज रंग लावतो, कारण साँडहाइमचा मुद्दाच तो आहे: माणसांशी दोन शब्द बोलू न शकणारा हा माणूस जे काढतो आहे त्याच्या आत मात्र सहज शिरतो. आता बिग टेड आणि लिटल टेड यांच्या वतीने बोलण्यात वर्षं घालवलेल्या नटाला ही जागा कशी वाटली असेल? या भूमिकेसाठी क्वास्टला १९९१ चा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. एवढा पुरस्कार दोन कुत्र्यांमुळे मिळत नाही हे उघड आहे. पण त्या कुत्र्यांपाशी अडखळला असता तर मिळालाही नसता.

इथे एक आक्षेप हमखास येईल. क्वास्ट नायडात शिकलेला, अभिजात नाटकांची तालीम झालेला नट आहे, पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीतही त्याने कामं केली. मग श्रेय त्या शिक्षणाला द्यायचं सोडून कापडी अस्वलांना का द्यायचं? आक्षेप वजनदार आहे. उच्चार, श्वास, उभं राहणं, ओळीचा अर्थ सोडवणं हे सगळं नाट्यशाळेने दिलं यात शंका नाही. पण नाट्यशाळेत ज्याचा सराव दुर्मीळ असतो अशी एक गोष्ट संगीत नाटक रोज मागतं: प्रेक्षकाकडे थेट पाहून, सुरात, मनातलं सांगणं. गद्य नाटकात नट बहुतांशी दुसऱ्या नटाशी बोलतो. संगीत नाटकात कळसाच्या क्षणी तो एकटा उरतो आणि तोंड प्रेक्षागृहाकडे असतं. तेव्हा तो कोणाशी बोलतो आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर गाणं नुसतं प्रदर्शन होतं. ‘प्ले स्कूल’चा सूत्रधार आठवड्यामागून आठवडे नेमकं हेच करतो, तेही उत्तर देणारा कोणी समोर नसताना.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे आणि तो मला अंशतः मान्य आहे. या कार्यक्रमात मुळात गाणारे, अभिनय येणारेच लोक निवडले जातात. तेव्हा त्यांच्यातले काही पुढे संगीत नाटकात चमकले तर त्यात कार्यक्रमाचं कर्तृत्व काय? कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एका उदाहरणावरून ठरवता येत नाही हे खरंच आहे. मात्र उदाहरण एक नाही. सायमन बर्कने ‘प्ले स्कूल’मध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि तो लंडनच्या पॅलेडियममध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधला कॅप्टन फॉन ट्रॅप झाला. जे लागाआया याच कार्यक्रमातला, आणि ऑस्ट्रेलियातल्या ‘द लायन किंग’मधला मुफासा. ब्रिटनमधल्या मूळ कार्यक्रमात डेरेक ग्रिफिथ्स होता, ज्याने १९९७ मध्ये लंडनच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये मेणबत्तीदानाचं, लुमिएरचं काम केलं. समजा ही सगळी मंडळी आधीपासूनच तयार होती. तरी निवडणाऱ्यांनी जे गुण शोधले तेच संगीत नाटकाला हवे होते, एवढं तर सिद्ध होतंच. आणि दोन कामांना एकाच प्रकारचा माणूस लागत असेल, तर त्यांतलं एक खालचं आणि एक वरचं हा क्रम कुठून आला? तो आपण प्रेक्षकांच्या वयावरून लावलेला आहे, कामाच्या अवघडपणावरून नाही. हा क्रम आपल्याकडेही आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर उभं केलं, रत्नाकर मतकरींनी बालनाट्याला अर्धं आयुष्य दिलं. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी एकाच दिलीप प्रभावळकरांच्या खात्यावर आहेत. तरी चेटकिणीचा उल्लेख आपण कौतुकाने, आठवण म्हणून करतो आणि गांधीजींचा अभिनय म्हणून.

माझ्या मांडणीला खुद्द ‘प्ले स्कूल’मधूनच एक छेद जातो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. या कार्यक्रमाचा अतिशय लाडका सूत्रधार जॉन हॅम्ब्लिन प्रसिद्ध होता तो त्याच्या मिश्कील शेऱ्यांसाठी. ते शेरे मुलांच्या डोक्यावरून जायचे आणि मागे बसलेल्या आईबापांना बरोबर कळायचे. म्हणजे मोठ्यांना खूण करणारा माणूसही या कामात यशस्वी झाला. पण हॅम्ब्लिनची खूण आणि हातातल्या बाहुलीला नाकारणारी खूण यांत फरक आहे. तो आईबापांशी आणखी एक संभाषण चालवत होता, मुलाशी चाललेलं न मोडता. बाहुली खरी मानण्यात त्याने कुचराई केली असती तर मुलांनी त्याला थारा दिला नसता. एकाच वेळी दोन वयांशी बोलण्याचं हे कसब क्वास्टचं नव्हतं. क्वास्टची बैठक वेगळी, जड, सरळ. हॅम्ब्लिनच्या मुशीतला जाव्हेर झाला नसता हेही खरं. तेव्हा हा कार्यक्रम सगळ्यांना एकाच साच्यात घालत होता असं मी म्हणणार नाही. त्याने दिलेली शिस्त ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे फळली.

आणखी एक मोठी अडचण विचारात घ्यावी लागते. मुलांचं मनोरंजन करणारे कित्येक कलाकार त्या चौकटीतून कधीच बाहेर पडू शकत नाहीत. मग क्वास्टला ते कसं जमलं? इथे मला कार्यक्रमाची रचना निर्णायक वाटते. ऑस्ट्रेलियातच १९९१ मध्ये ‘द विगल्स’ हा मुलांचा गानसमूह सुरू झाला आणि जगभर गाजला. त्यात प्रत्येकाचा एक रंग ठरलेला: कोणी पिवळा, कोणी निळा, कोणी लाल, कोणी जांभळा. २००६ मध्ये आजारपणामुळे ग्रेग पेज बाहेर पडला तेव्हा पिवळा सदरा सॅम मोरानच्या अंगावर गेला. या पद्धतीत रंग टिकतो, माणूस बदलतो, आणि मुलांना आठवतो तो रंग. या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. तिने कोट्यवधी मुलांना गायला लावलं. पण ‘प्ले स्कूल’मध्ये सूत्रधार स्वतःच्या नावाने येतो, साध्या कपड्यांत येतो, आणि आज एक तर उद्या दुसरा अशी पाळी असते. खेळणी कायम, माणसं फिरती. फिलिप हा फिलिपच राहतो. त्याला मुखवटा उतरवावा लागत नाही, कारण तो चढवलेलाच नसतो. त्यामुळे दुपारी अस्वलाशी बोलणारा माणूस रात्री जाव्हेर झाला तरी त्याला आधीचं काही पुसावं लागत नव्हतं. शिवाय या पाळीच्या पद्धतीमुळे नटाला वर्षभर अडकून पडावं लागत नाही. नाटक, दूरदर्शन मालिका आणि मुलांचा कार्यक्रम एकमेकांत बसू शकतात. कलेच्या चर्चेत वेळापत्रकाला फार कमी मान मिळतो. क्वास्टच्या बाबतीत मात्र दोन्ही कामं इतकी वर्षं एकत्र नांदली याचं व्यवहारातलं कारण हेच असावं.

प्रमाणाचा प्रश्न राहतो. कॅमेऱ्यापुढचं बोलणं हातभर अंतरावरचं, आणि अल्बर्ट हॉलमध्ये पाच हजारांवर माणसं बसतात. एवढ्याशा खोलीत जे चालतं ते एवढ्या दालनात कसं चालेल? उत्तर त्या १९९५ च्या प्रयोगातच आहे. क्वास्ट आवाज मोठा करतो, पण ज्याला उद्देशून बोलायचं त्यांची संख्या वाढवत नाही. गर्दीला उद्देशून गाणारा गायक प्रत्येक शब्दाला सारखंच वजन देतो, कारण गर्दीतल्या कोणाला काय पोचेल याचा त्याला भरवसा नसतो. एकाला उद्देशून गाणारा थांबतो, काही शब्द सोडून देतो, काहींवर रेंगाळतो. पाच हजारांतल्या प्रत्येकाला तो आपल्याशीच बोलतो आहे असं वाटतं.

१९९५ नंतरच्या भूमिका एकत्र ठेवल्या तर एक ओढ दिसते. डॉनमार वेअरहाउसमधल्या ‘द फिक्स’ या नाटकासाठी १९९८ मध्ये दुसरा ऑलिव्हिए, ट्रेव्हर ननने केलेल्या ‘साउथ पॅसिफिक’मधल्या एमील द बेकसाठी २००२ मध्ये तिसरा. पुढे ‘एव्हिटा’मधला पेरॉन, मेलबर्नला ‘मेरी पॉपिन्स’मधले मिस्टर बँक्स, न्यूयॉर्कला ‘स्वीनी टॉड’मधला न्यायाधीश टर्पिन. यांतले बरेचसे पुरुष सत्ताधारी, बंदिस्त, आणि कितीतरी ठिकाणी समोर एक मूल उभं असलेले. ‘साउथ पॅसिफिक’ सुरू होतं तेच द बेकच्या दोन मुलांच्या फ्रेंच गाण्याने, आणि संपतं तेव्हा युद्धातून परतलेला बाप त्याच गाण्यात सामील होतो. ही भूमिका मुळात मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या एत्सियो पिन्झासाठी लिहिली गेली, त्यामुळे तिच्याकडे भरदार आवाजाची भूमिका म्हणून पाहायची रीत आहे. पण शेवटच्या त्या क्षणी भरदार आवाज काहीच कामाचा नाही. तिथे मुलांच्या गाण्यात मुलांइतकंच हलकं शिरायचं असतं.

रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००० साली केलेलं ‘द सीक्रेट गार्डन’ या ओघात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आधी ऑस्ट्रेलियात याच नाटकात क्वास्टने आर्चिबाल्ड क्रेव्हनच्या भावाचं काम केलं होतं; इथे तो स्वतः आर्चिबाल्ड होता. बायको बाळंतपणात गेलेली, मुलगा अंथरुणाला खिळलेला, आणि बापाला त्या मुलाच्या डोळ्यांत बघवत नाही. म्हणून तो रात्री, मूल झोपलेलं असताना, त्याच्या उशाशी येऊन बसतो आणि त्याला राक्षसी नागाची गोष्ट सांगतो, गाण्यातून. ऐकणारा ऐकत नाही हे माहीत असून सांगायची ती गोष्ट. ‘प्ले स्कूल’च्या स्टुडिओत उत्तर न येणाऱ्या भिंगाशी बोलण्याचं जे काम, तेच इथे सगळ्या दुःखासकट समोर येतं. फरक एवढाच की तिथे पलीकडे ऐकणारं मूल आहे असा विश्वास होता, आणि क्रेव्हन मूल जागं होईल या भीतीने गातो आहे. असा प्रसंग करुण करणं सोपं आहे, हुंदका घातला की झालं. नटाने गोष्ट मात्र गोष्ट म्हणून सांगितली पाहिजे, नाग मोठा, घोडा वेगवान, नाहीतर बापाचं प्रेम दिसणारच नाही, फक्त त्याची स्वतःबद्दलची कीव दिसेल. गोष्ट सांगणं हा ज्याचा कित्येक वर्षं रोजगार होता, त्याला हा भेद शिकवावा लागत नाही.

मी इथे जे जोडतो आहे त्यावर शेवटचा एक आक्षेप असा असू शकेल की मला आधीच ठरलेलं उत्तर या सगळ्या भूमिकांत दिसतं आहे. धिप्पाड शरीर आणि खालच्या पट्टीचा आवाज असलेल्या गायकाला बाप, न्यायाधीश आणि पोलीस याच भूमिका मिळणार, त्यात मुलांच्या कार्यक्रमाचा काय संबंध? भूमिका मिळण्यात शरीराचा आणि आवाजाचा हात आहे, हे कबूल. प्रश्न त्या कशा केल्या याचा आहे. म्हणून २०१७ मधलं एक उदाहरण, जिथे आवाज आणि रुबाब दोन्ही मुद्दाम निकामी केलेले आहेत. नॅशनल थिएटरमध्ये डॉमिनिक कुकने साँडहाइमचं ‘फॉलीज’ केलं, त्यात इमेल्डा स्टाँटन होती आणि क्वास्ट बेन स्टोनच्या भूमिकेत. यशस्वी मुत्सद्दी, आयुष्यभर कोणालाच न भिडलेला. अखेरीस त्याला टोपी-काठीचं एक झोकदार गाणं मिळतं, मागे नर्तकांचा ताफा. गाता गाता तो शब्द विसरतो. वाद्यवृंद पुढे जातो, तो मागे राहतो, संचालकाला शब्द विचारतो, आणि बघता बघता गाणं त्याच्याभोवती मोडून पडतं. काही क्षण प्रेक्षकांना वाटलं पाहिजे की बेन नव्हे, नटच विसरला. तसं वाटण्यासाठी आधीच्या गाण्यात त्याने काहीही हातचं राखून ठेवलेलं असता कामा नये. हे सगळं खोटं आहे, मला माहीत आहे, अशी पुसटशी खूण जरी आधी गेली असेल तर विसरणंही नाटकातलंच वाटतं आणि बेन स्टोन मोडत नाही. अस्वलाला खरं मानायला लावणाऱ्या नटाकडून साँडहाइमने या प्रसंगात तेवढंच मागितलं आहे, फक्त समोरचा प्रेक्षक आता साठीचा आहे आणि त्याला फसवणं अधिक सोपं आहे.